विमानतळावरून जवळचं भाडं आणि टॅक्सीवाल्याचा फुगलेला चेहरा

खिडकीतली_सीट
नमस्कार मंडळी. कामामुळे विमानप्रवास सतत होतो आणि मुक्काम बहुतेकदा विमानतळाजवळच्याच हॉटेलात असतो, कारण पहाटे उठून पुढचं विमान गाठायचं असतं. म्हणजे टॅक्सीचं अंतर फार तर दहा-पंधरा मिनिटांचं. आणि दर वेळी तेच नाटक. आपला नंबर लागतो, गाडी पुढे येते, चालक हसतमुखाने उतरून डिक्की उघडतो, बॅग उचलतो, हॉटेलचं नाव ऐकतो आणि बॅग तशीच हातात धरून उभा राहतो. मग "चालत का नाही जात?" पासून "मीटर बंद आहे" पर्यंत काहीही. एकाने तर वाटभर फोनवर कोणाकडे तरी माझं गाऱ्हाणं घातलं. भाषा कळत नव्हती, पण हॉटेलचं नाव तेवढं सारखं ऐकू येत होतं.

शहराचं नाव मुद्दाम देत नाही. वेगवेगळ्या देशांत हाच अनुभव आलाय, त्यामुळे एका शहराला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

तुम्ही काय करता? कुठे जायचंय ते आधी सांगता की बसून दार लावल्यावर? वरचे पैसे देऊ करता? की कानाडोळा?

वैतागवाडी
कानाडोळा. मीटरप्रमाणे पूर्ण पैसे देतोय ना, मग त्याचा मूड सांभाळायचा ठेका मी घेतलेला नाही. एक वही मागितली म्हणून दुकानदार "डझनभर घ्या नाहीतर चालते व्हा" म्हणतो का?

पाठपिशवी
सोपा उपाय सांगतो. आगमनाच्या रांगेत उभंच राहायचं नाही. लिफ्टने वर निर्गमनाच्या मजल्यावर जायचं. तिथे टॅक्सी प्रवासी सोडून रिकाम्या परत निघालेल्या असतात. त्यांनी रांगेत वेळ घालवलेला नसतो, त्यामुळे जवळचं भाडंही त्यांना वरकमाईच वाटते. चालक खूश, आपण खूश.

निवांत
पाठपिशवी, +१. मीही करते हे कधीकधी. पण सगळीकडे चालत नाही. काही ठिकाणी पोलीस हटकतात.

जुना_चक्रधर
धागा वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं परदेशात टॅक्सी चालवली, त्यातली बरीचशी विमानतळावर. आता सोडली. चालकाच्या बाजूने लिहितो, पण त्याची वकिली करायला नाही.

वैतागवाडी, तुमचा वहीवाला दुकानदार एक वही विकून पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहत नाही. आमचं तसं असतं. विमानतळाच्या दारात जी दहा-बारा टॅक्सींची रांग तुम्हाला दिसते, ती खरी रांग नव्हे. खरी रांग मागे कुठेतरी, तुम्हाला कधीच दिसत नाही अशा मोठ्या वाहनतळावर असते. तिथे गाड्या ओळींनी लागतात, दिवा लागला किंवा फलकावर आकडा आला की एक ओळ सुटते. कोणी सीट मागे पाडून झोपलेलं असतं, कोणी पत्ते कुटत असतं, कोणी गाडी पुसतंय. ओळ सुटली आणि तुम्ही झोपेत असलात तर मागचा हॉर्न वाजवून नुसती झोपच मोडत नाही, आईबापही काढतो. दोन-दोन तास असे जातात, वाईट दिवशी त्याहून जास्त. मग तुमचा नंबर येतो आणि पॅसेंजर सांगतो, "तो काय, समोर दिसतोय तो."

आता हिशेब करा. दोन तास थांबून पाऊण तासाचं भाडं मिळालं तर पावणेतीन तासांची कमाई ठीकठाक होते. दोन तास थांबून दहा मिनिटांचं मिळालं तर दोन तास दहा मिनिटांत हातात जवळजवळ काही नाही, आणि परत शेपटाला. शिवाय बरेच जण दुसऱ्याची गाडी पाळीच्या भाड्याने चालवतात. ते भाडं मालकाला द्यायचंच असतं, पॅसेंजर लांबचा मिळो की जवळचा. पाळीचा पहिला अर्धा भाग मालकासाठी, उरलेला घरासाठी, असं आम्ही म्हणायचो. जवळचं भाडं त्या उरलेल्या भागात पडलं की जीव जळतो.

म्हणजे राग तुमच्यावर नसतो, गेलेल्या नंबरावर असतो. पण समोर तुम्हीच असता, त्यामुळे निघतो तुमच्यावर. ते चूकच आहे.

आता कामाचं. पुष्कळ मोठ्या विमानतळांवर यावर तोड काढलेली असते. जवळचं भाडं घेऊन गेलेला चालक ठरावीक वेळात परत आला तर त्याला शेपटाला न पाठवता थेट पुढे घेतात. सॅन फ्रान्सिस्कोला अर्ध्या तासाच्या आत परतायचं असा नियम होता. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर अशा फेरीला चालक 'शॉर्टी' म्हणतात. कुठे चिठ्ठी देतात, कुठे गाडीवरची पट्टी फाटकावरचं यंत्र वाचतं आणि वेळ आपोआप मोजली जाते.

म्हणून धागाकर्त्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर: आधी सांगा, पण चालकाला नाही. गाड्या लावून देणारा जो माणूस रांगेच्या तोंडाशी उभा असतो, त्याला सांगा. "जवळचं आहे, अमुक हॉटेल." चिठ्ठीची पद्धत असेल तर तोच देतो, आणि गाडी फाटकाबाहेर पडण्याआधीच ती मिळते. चालकाला तुम्ही अर्ध्या वाटेत सांगितलंत तर ती संधी गेली. मग तो चिडला तर मी त्याच्या बाजूचा.

खिडकीतली_सीट
चक्रधर काका, हे डोळे उघडणारं आहे. त्या माणसाचं काम फक्त "पुढची गाडी, पुढची गाडी" करायचं असतं अशी माझी समजूत होती.

पण एक शंका. अशी सोय असूनही काही चालक का चिडतात? केनेडीवरसुद्धा मला तोंड वाकडं केलेलं पाहायला मिळालंय.

जुना_चक्रधर
कारण वेळ. समजा अर्धा तास मिळालाय. जायला दहा मिनिटं, यायला दहा. उरली दहा. त्यात एक सिग्नल, एक फाटकावरची गर्दी, आणि मग पॅसेंजर उतरताना पाकीट शोधतो, कार्ड चालत नाही, सुटे आणायला हॉटेलात जातो, परत येऊन पावती मागतो. मी घड्याळाकडे बघत बसलेला असायचो. अर्ध्या तासाला एक मिनिट वर झालं तरी यंत्र काही ऐकून घेत नाही.

त्यामुळे जवळच्या फेरीत वरच्या पैशांपेक्षा मला एकच गोष्ट हवी असायची: पॅसेंजरने झटपट उतरावं. गाडी वळणावर आली की पैसे हातात काढून ठेवा. एकच बॅग असेल तर डिक्कीत टाकूच नका, शेजारी सीटवर घ्या. पावती हवी असेल तर थांबायच्या आधी सांगा. एवढं केलंत तर जाताना चालक तुम्हाला हात करेल, बघा.

वैतागवाडी
म्हणजे प्रवाशाने दमूनभागून आल्यावर चालकाचं घड्याळही सांभाळायचं. उत्तम.

जुना_चक्रधर
सांभाळायचं नसेल तर नका सांभाळू. विचारलं म्हणून सांगितलं.

चष्मिष
रांगेतल्या जागेची किंमत किती असते याचा एक पुरावा देतो. २०२२च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी सरकारी वकिलांनी न्यूयॉर्कमध्ये दोघांवर आरोप ठेवले. रशियातल्या हॅकरांच्या मदतीने त्यांनी केनेडी विमानतळाच्या टॅक्सी पाठवणाऱ्या संगणकप्रणालीत शिरकाव केला होता आणि चालकांकडून दर फेरीमागे १० डॉलर घेऊन ते त्यांना रांगेच्या पुढे आणून ठेवत होते. आरोपपत्रानुसार एकेका दिवशी हजारापर्यंत फेऱ्या अशा पुढे सरकवल्या गेल्या. नवीन चालक आणून देणाऱ्याला एखादी फेरी फुकट. पुढे दोघांनीही गुन्हा कबूल केला.

रांग टाळायला चालक रोख पैसे मोजत होते. मग वाट बघून मिळालेली जागा दहा मिनिटांच्या फेरीत गेली तर काय वाटत असेल, ते यावरून कळतं.

अवांतर: चालक दिवसाची एक ठरावीक रक्कम मनात धरून चालतात आणि ती जमली की घरी जातात, असं कॅमरर, बॅबकॉक, लोवेनस्टाइन आणि थेलर या अर्थतज्ज्ञांनी १९९७मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सींच्या नोंदी पाहून मांडलं. नंतर हेन्री फार्बरने कितीतरी मोठ्या नोंदी तपासून ते खोडून काढायचा प्रयत्न केला. त्यांचा वाद अजून चालू आहे. आपल्या धाग्यापुरतं एवढंच, की मनात आकडा धरून बसलेल्या माणसाला रिकामे गेलेले दोन तास फार बोचतात. चक्रधर काका, असं असतं का?

जुना_चक्रधर
आकडा सगळ्यांच्याच मनात असतो. तो जमल्यावर घरी जातो की नाही, ते घरी कोण आहे त्यावर.

अरण्यरुदन
वाचतेय. मला मात्र या सगळ्यात एक बाजू राहून गेल्यासारखी वाटते. मी एकटी, रात्री उशिरा उतरलेली, अनोळखी शहर. चालक चिडलाय. त्याच्या हिशेबाशी मला त्या वेळी काही देणंघेणं नसतं. चिडलेल्या माणसाच्या गाडीत अंधारात बसायचं की नाही, एवढाच प्रश्न असतो.

मी काय करते ते लिहिते. बॅग डिक्कीत जायच्या आधीच, रांग लावणाऱ्या माणसाच्या समोर, ठिकाणाचं नाव मोठ्याने सांगते. गाडीच्या क्रमांकाचा फोटो तिथेच काढते, लपवून नाही. चालकाने कुरकुर केली तर चढत नाही, "दुसरी गाडी द्या" म्हणते. एकदा बसले की भाड्यावरून वाद घालत नाही. जास्त मागितले तर उजेडात, हॉटेलच्या दारात, सामान हातात आल्यावरच बोलते. आणि त्यासाठी सामान डिक्कीत नको, हे चक्रधर काकांच्या वेगळ्या कारणाशी छान जुळलं.

निवांत
अरण्यरुदन, सामानाचं अगदी खरं. डिक्कीत बॅग असली की आपण ओलीस.

कायद्याचा_कीडा
वैतागवाडी यांचा मुद्दा कायद्याने बरोबर आहे हे नोंदवून ठेवतो. टॅक्सीचा परवाना म्हणजे नुसता धंद्याचा हक्क नव्हे, त्यासोबत नेण्याचं बंधनही येतं. जर्मनीत प्रवासी वाहतुकीच्या कायद्याच्या २२व्या कलमात हे बंधन आहे, आणि ठरवून दिलेल्या क्षेत्रातलं भाडं जवळचं म्हणून नाकारता येत नाही. लंडनच्या काळ्या टॅक्सीला १२ मैलांपर्यंतचं किंवा तासाभराचं भाडं नाकारता येत नाही, हीथ्रोवरून निघाल्यास ही मर्यादा २० मैल. आयर्लंडमध्ये ३० किलोमीटर. बारकाईने बघा, या सगळ्या मर्यादा लांबच्या बाजूच्या आहेत. फार लांब असेल तर चालक नाही म्हणू शकतो. फार जवळ आहे म्हणून नाही म्हणायची सोय यांपैकी कुठेच ठेवलेली नाही.

हाँगकाँगला भाडं नाकारणं हा सरळ गुन्हा आहे, दंड आणि कैदही होऊ शकते. सप्टेंबर २०२४पासून तिथे चालकांच्या नावावर नियम मोडल्याचे दोषगुणही चढतात.

तेव्हा "मीटर बंद आहे" हे उत्तर ऐकलं की शांतपणे "मग ही गाडी भाड्याला उभी कशी?" एवढं विचारावं. नेमक्या त्या क्षणी बऱ्याच जणांचं मीटर दुरुस्त होतं.

पाठपिशवी
हा हा. मीटर दुरुस्त करायचा मंत्र.

वैतागवाडी
कायद्याचा_कीडा, धन्यवाद. हेच म्हणत होतो मी.

जुना_चक्रधर
कायदा बरोबरच आहे. पण रात्री बारा वाजता कलम सांगून गाडीत बसलात तर पुढचा प्रवास कसा होतो तेही लिहा. नाकारायचं नसतं म्हणून चालक वेगळं काहीतरी करतो. लांबून नेतो. लास वेगासला हे इतकं वाढलं होतं की त्याला स्वतंत्र नावच पडलं. विमानतळ आणि कसिनोंचा रस्ता इतका जवळ, की चालक बोगद्यातून महामार्गाने वळसा घालून नेत. शेवटी २०२३च्या जानेवारीपासून तिथे विमानतळावरून त्या रस्त्यावरच्या हॉटेलांना टप्प्याटप्प्याचे ठरीव दर लावले. वळसा घालून काही मिळेनासं झालं, विषय संपला.

चष्मिष
दराची रचना हाच यातला कळीचा मुद्दा आहे, त्यावर चर्चा कमी होते. मीटरमध्ये दोन भाग असतात: बसताक्षणी लागणारी रक्कम आणि अंतर-वेळेप्रमाणे वाढणारी. पहिला भाग छोटा ठेवला की जवळचा प्रवासी चालकाला नकोसा होतो. सिंगापूरच्या चांगीवरून टॅक्सी घेतली की मीटरवर विमानतळाची जादा रक्कम चढते आणि ती चालकाला मिळते. अंतर काहीही असो, रक्कम तीच. म्हणजे जवळच्या फेरीत तिचं प्रमाण सगळ्यात जास्त. पॅरिसला २०१६पासून विमानतळ ते शहर ठरीव दर आहे, सेन नदीच्या उजव्या काठाला एक आणि डाव्या काठाला दुसरा. शहरात जाणाऱ्याला त्याने निर्धास्त केलं. पण विमानतळालगतच्या हॉटेलात जाणारा त्या दरात बसत नाही, तो मीटरवरच. रांगेत मागे उभ्या, शहरात जाणाऱ्या माणसाचं भाडं चालकाला आधीच माहीत असतं, त्यामुळे पुढच्या, जवळ जाणाऱ्या माणसाचं जास्तच डाचतं.

हाँगकाँगने आणखी वेगळं केलंय. तिथे लाल, हिरव्या आणि निळ्या टॅक्सींच्या रांगाच वेगळ्या. निळ्या टॅक्सी लांताऊ बेटावर आणि विमानतळावरच चालतात. बेटावरच्या बेटावर जाणाऱ्याने त्या रांगेत उभं राहायचं, शहराच्या लांबच्या भाड्याची आशा तिथे कोणाला नसतेच.

निवांत
हे मस्त आहे. रागाचं कारणच वेगळ्या रांगेत.

पाठपिशवी
माझ्या वरच्या मजल्याच्या युक्तीबद्दल चक्रधर काका काहीच बोलले नाहीत?

जुना_चक्रधर
बोलायचं टाळत होतो. चालकासाठी ते जोखमीचं आहे. बऱ्याच विमानतळांवर निर्गमनाला प्रवासी फक्त सोडायचा, उचलायचा नाही, आणि पकडलं तर दंड होतो किंवा विमानतळाचा परवाना काही दिवस बंद. खाली दोन-दोन तास थांबलेले लोकही अशा गाडीला चांगल्या नजरेने बघत नाहीत. पण तुमच्यासाठी खरी जोखीम वेगळी. वर उभ्या असलेल्या प्रवाशाकडे जो स्वतःहून "टॅक्सी? टॅक्सी?" करत येतो तो बहुतेकदा टॅक्सीवाला नसतो. ना परवाना, ना मीटर, ना विमा. नियम आड येत नसेल आणि गाडी परवान्याची, छतावर दिवा असलेली असेल तर खुशाल घ्या.

अरण्यरुदन
जो आपणहून शोधत येतो त्याच्याकडे जायचंच नाही, हा माझा पहिला नियम.

मध्यरात्रीची_मैना
उशिरा आले धाग्यावर. ॲपवरून गाडी मागवली तर हा सगळा त्रास वाचतो ना? ठिकाण आधीच टाकलेलं असतं.

खिडकीतली_सीट
मलाही तसंच वाटायचं. फेरी स्वीकारायच्या आधी चालकाला ठिकाण दिसतच नसेल, तर तो फोन करून विचारतो, "कुठे जायचंय?" सांगितलं की गाडी नकाशावर जागची हलत नाही. मी रद्द करावी म्हणून वाट बघतो, म्हणजे रद्द केल्याचा भुर्दंड मला.

मध्यरात्रीची_मैना
अरे देवा. मग काय करायचं?

निवांत
फोनवर ठिकाण न सांगता "ॲपमध्ये दिसेल, मी अमुक खांबापाशी उभी आहे" एवढंच म्हणायचं. गाडी हललीच नाही तर रद्द करताना कारण "चालक येत नाही" निवडायचं. भुर्दंड लागलाच तर मागता येतो परत, मला मिळालाय.

चष्मिष
त्या गाड्यांचीही विमानतळाबाहेर रांगच असते, फक्त ती फोनमध्ये. थांबण्याचा हिशेब तोच, म्हणून राग तोच.

वैतागवाडी
वरच्या पैशांबद्दल अजून कोणी नीट बोललं नाही. आधी कबूल करायचे की नंतर द्यायचे? मी तर देणार नाहीच, पण बाकीच्यांसाठी विचारतो.

अरण्यरुदन
आधी मुळीच नाही. आधी कबूल केले की तो दर होतो, मग तिथून घासाघीस सुरू.

जुना_चक्रधर
सहमत. रांगेतच "वरचे देतो हो" म्हणणारा पॅसेंजर आला की आम्ही समजायचो, हा घाबरलाय, अजून देईल. मीटर पडू द्या. नीट नेलं, बॅग उतरवून दिली, तर उतरताना तुमच्या मनाने द्या. तोंड वाकडं करून नेलं असेल तर मीटरवरचा आकडा आणि नमस्कार. आणि जिथे वरचे पैसे द्यायची रीत नाही तिथे देऊच नका, त्याला उलट अपमान वाटतो.

हॉटेलची स्वतःची गाडी येते का तेही आधी विचारून घ्या. विमानतळाजवळची बरीच हॉटेलं फुकट सोडतात आणि नेतात, फक्त ती कुठल्या दारापाशी थांबते ते कोणी नीट सांगत नाही. खोली आरक्षित करतानाच दार आणि शेवटच्या फेरीची वेळ लिहून घ्या.

खिडकीतली_सीट
पुढच्या आठवड्यात परत जायचंय. हॉटेलला आत्ताच फोन केला. गाडी आहे, पण रात्री साडेदहानंतर नाही आणि माझं विमान अकराला उतरतं. म्हणजे रांग आलीच. रांग लावणाऱ्या माणसाकडे चिठ्ठीबद्दल विचारतो आणि काय होतं ते इथेच लिहितो.

कायद्याचा_कीडा
फलकावरचा तक्रारीचा क्रमांक रांगेत असतानाच फोनमध्ये घालून ठेवा. नंतर शोधत बसावं लागत नाही.